पाय चोळण्याआधी पाय पाहा

पाय दुखला, पाय सुजला, की आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो. तेलाची वाटी आणायची आणि पाय चोळायचा. त्याने भागले नाही, तर विटेचा शेक. त्यानेही भागले नाही, तर घट्ट फडके बांधायचे. एकजण सांगतो, पाय उशीवर उंच ठेवा. दुसरा सांगतो, खाली सोडून बसा. सगळे मायेनेच सांगतात. पण एक गोष्ट कोणी करीत नाही. पायाकडे नीट कोणी पाहत नाही.

दुखणारे सगळे पाय सारखे नसतात. जो उपाय एका पायाला गुण देतो, तोच दुसऱ्या पायाचा घात करतो. एकाला पाय उंच ठेवल्याने आराम पडतो. दुसऱ्याचा पाय उंच ठेवला, तर त्याचे दुखणे वाढते. एकाला घट्ट पट्टी हवी असते. दुसऱ्याला तीच पट्टी बांधली, तर पाय काळा पडण्याची भीती असते. म्हणून आधी पाहायचे, मग करायचे. कसे पाहायचे, ते आता समजून घेऊ.

मळ्याचे पाणी आणि अंगाचे रक्त

शेतकऱ्याला ही गोष्ट चटकन कळेल. विहिरीवर पूर्वी मोट असे, आता पंप असतो. पंप पाणी उपसतो. ते पाटाने जाते, पाटातून दंडात आणि दंडातून वाफ्यात. वाफ्यात पाणी मुरते, पीक ते पिते. जास्तीच्या पाण्याला बाहेर काढायला शेताच्या कडेने चर खणावा लागतो. चर बुजला, की जमीन चिबड होते.

आपल्या शरीरातही असेच आहे. हृदय हा पंप. मोठ्या माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देते. दिवसाचा हिशेब केला, तर लाखाच्या आसपास ठोके होतात. हा पंप रात्रीही थांबत नाही.

हृदयापासून रक्त नेणारे जे पाट, त्यांना रोहिण्या म्हणतात. काही पुस्तकांत त्यांना धमन्या म्हटले आहे. त्यांच्यातून रक्त ठोक्याठोक्याने उसळत जाते. म्हणून रोहिणीवर बोट ठेवले, की नाडी लागते. रोहिण्यांना फाटे फुटतात, आणि शेवटी केसाहूनही बारीक नळ्या होतात. त्या केशवाहिन्या. पीक वाफ्यात पाणी पिते, तसे मांस, कातडी आणि हाडे इथे आपले अन्न आणि प्राणवायू घेतात.

मग रक्त परत फिरते. ज्या नळ्यांतून ते हृदयाकडे जाते, त्या नीला. आपण ज्यांना शिरा म्हणतो, हातावर ज्या निळसर दिसतात, त्या ह्याच. शिरेला नाडी लागत नाही.

आता तिसरा मार्ग. केशवाहिन्यांतून थोडे पाणी बाहेर पाझरत राहते. ते सगळेच शिरांत परत येत नाही. रोज काही लिटर पाणी मांसात उरते. ते गोळा करून रक्तात परत नेणाऱ्या फार बारीक नळ्या अंगभर पसरल्या आहेत. त्यांतल्या पाण्याला लसिका म्हणतात, आणि त्या नळ्यांना लसवाहिन्या. हे आपल्या शरीराचे चर. वाटेत जांघेत, काखेत, मानेत घेवड्याच्या दाण्यासारख्या गाठी असतात. त्या नाक्यावरच्या पहारेकऱ्यांसारख्या आहेत. पायाला काटा लागून पू झाला, की जांघेत अवधाण येते ना? तो हाच पहारेकरी. खालून आलेल्या जंतूंशी लढता लढता तो सुजतो.

म्हणजे पायाच्या बाबतीत तीनच प्रश्न विचारायचे. पाणी येते का? आलेले पाणी परत जाते का? आणि निचरा होतो का? आता पुढची सगळी पाहणी ह्या तीन प्रश्नांभोवतीच आहे.

हातावर करून पाहा

रक्त शरीरात फिरते, ही गोष्ट आज शाळेतले पोरही सांगते. पण फार वर्षे ती कोणाला नीट ठाऊक नव्हती. विल्यम हार्वे नावाच्या इंग्रज डॉक्टराने १६२८ साली पुस्तक लिहून ती सिद्ध केली. त्याने दाखवलेला एक प्रयोग तुम्हीही घरी करू शकता. पैसा लागत नाही.

हात थोडा वेळ खाली सोडून ठेवा. शिरा फुगून वर येतील. हाताच्या पाठीवरची किंवा मनगटाच्या वरची एक सरळ, ठळक शीर निवडा. तिच्यावर एक बोट दाबून ठेवा. आता दुसऱ्या बोटाने ती शीर तिथून कोपराच्या दिशेने निपटत न्या आणि मग हे दुसरे बोट उचला. शीर रिकामीच राहिली, होय ना? कोपराकडून रक्त खाली का आले नाही? कारण शिरेत झडपा आहेत. कोपराकडे जाताना दार उघडते, खाली येताना मिटते. आता पहिले बोट उचला. शीर खालून झटकन भरते.

पायातल्या शिरांतही अशाच झडपा आहेत. पायाचे रक्त एवढे उंच चढून हृदयापर्यंत जायचे, ते झडपांच्या आधाराने. पण नुसत्या झडपा पुरत नाहीत. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. म्हणून पोटरीला दुसरे हृदय म्हणतात. चालणाऱ्याचे हे हृदय चालते. तासन् तास उभे राहणाऱ्याचे ते बसते.

पाय पाहावा कसा

दिवसाउजेडी पाहा. दोन्ही पाय गुडघ्याच्या वरपर्यंत उघडे करा. एकच पाय पाहू नका. देवाने दोन दिले आहेत, ते एकमेकांशी ताडून पाहायला फार उपयोगी पडतात. पाहणीच्या सात पायऱ्या आहेत.

पहिली, डोळे. दोन्ही पायांचा रंग सारखा आहे का? एक फिका, निळसर किंवा काळपट तर नाही? नडगीवरचे केस एका पायाचे झडून कातडी पातळ, चकचकीत झाली आहे का? शिरा गाठाळून वर आल्या आहेत का? बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, चिरा आहेत का? टाचेला भेगा? आणि तळवा? तळवा आपला आपल्याला दिसत नाही. त्यासाठी आरसा जमिनीवर ठेवावा, नाहीतर घरातल्या माणसाला पाहायला सांगावे.

दुसरी, हाताची पाठ. ताप पाहताना आपण कपाळाला हाताची पाठ लावतो. तशीच ती दोन्ही पायांना लावा. गुडघ्यापासून खाली बोटांपर्यंत न्या. थंडीच्या दिवसांत दोन्ही पाय गार लागतील, त्यात विशेष नाही. पण एक ऊन आणि दुसरा गार लागला, तर ध्यानात ठेवा. तसेच एकच पाय नेहमीपेक्षा जास्त गरम लागला, तरीही ध्यानात ठेवा.

तिसरी, नख. अंगठ्याचे नख किंवा अंगठ्याचे टोक चिमटीत दाबा. ते पांढरे पडेल. सोडा आणि मनात एक, दोन, तीन म्हणा. तेवढ्यात लाली परत आली पाहिजे. फार वेळ पांढरेच राहिले, तर रक्त पोचायला उशीर होतो आहे. मात्र पाय गारठलेला असेल, तर आधी तो पांघरुणात घेऊन ऊब येऊ द्या, मग पाहा.

चौथी, नाडी. हातासारखी पायालाही नाडी असते, हे पुष्कळांना माहीत नसते. ती दोन ठिकाणी सापडते. पायाचा अंगठा वर उचला. पायाच्या पाठीवर एक दोरी ताणलेली दिसेल. त्या दोरीच्या शेजारी, करंगळीच्या बाजूला, पायाच्या पाठीच्या मध्यावर दोन-तीन बोटे अलगद ठेवा. ही पहिली जागा. आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाचेची जाड दोरी यांच्या मधल्या खोलगट भागात बोटे ठेवा. ही दुसरी जागा. अंगठ्याने नाडी पाहू नका. अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते आणि फसगत होते. जोराने दाबूही नका. दाबले तर नाडी बुजते.

पहिल्या दिवशी नाडी सापडणार नाही. घाबरू नका. लहान मुलाच्या किंवा तरुण माणसाच्या पायावर आधी शिका. काही धडधाकट माणसांच्या पायाच्या पाठीवरची नाडी जन्मापासूनच लागत नाही. पण एकाच पायाच्या दोन्ही जागा मुक्या असतील, आणि तो पाय गार किंवा दुखरा असेल, तर डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे.

पाचवी, अंगठ्याचा दाब. नडगीच्या हाडावर, घोट्याच्या थोडे वर, अंगठा दाबून मनात दहा म्हणा. उचला. खळगा राहिला, तर मांसात पाणी साठले आहे. अशी सूज घरातल्या वस्तूही सांगतात. संध्याकाळी मोज्याचा वळ उमटतो, पैंजण रुततात, जोडवी निघत नाहीत, वहाणेचा पट्टा आवळतो. मग पाहा, सूज एका पायाला आहे की दोन्ही पायांना? हा प्रश्न फार मोलाचा आहे. दोन्ही पाय सारखे सुजले, तर दोष बहुधा पायात नसतो. हृदय, मूत्रपिंड, यकृत यांचे दुखणे असते, किंवा अंगात रक्त कमी असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पायाला सूज येते. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे. गरोदर बाईच्या पायाला थोडी सूज येतेच. मात्र हात आणि तोंड सुजले, डोके दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधेरी आली, तर त्याच दिवशी तिचा रक्तदाब तपासून घ्यावा.

सहावी, सुतळी. दोन्ही पोटऱ्यांना गुडघ्यापासून सारख्याच अंतरावर सुतळी गुंडाळा आणि मोजपट्टीवर मोजा. थोडाफार फरक असतोच. पण एक पोटरी दुसरीपेक्षा ३ सेंटिमीटरहून जास्त भरली, तर ते साधे लक्षण नव्हे.

सातवी, जांघ. जांघेत हलक्या हाताने चाचपा. अनवाणी चालणाऱ्यांच्या जांघेत बारीक, हलत्या गाठी पुष्कळदा असतात. त्यांचे भय नाही. गाठ दुखरी असेल, तर खाली पायावर जखम शोधा. पण जी गाठ दुखत नाही, दगडासारखी टणक लागते, जागची हलत नाही आणि आठवड्यागणिक वाढते, तिची तपासणी झालीच पाहिजे. काखेतल्या आणि मानेतल्या गाठींनाही हाच नियम.

पाणी येत नाही, तेव्हा

समजा, एक म्हातारे शेतकरी दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाई विचारतात, "आजोबा, पाय केव्हा दुखतो?"

"चाललं की दुखतो, बाई. देवळापाशी गेलो की पोटरीत गोळा येतो. पुढं पाऊल टाकवत नाही."

"मग काय करता?"

"उभा राहतो घटकाभर. थांबलं की जातो गोळा. पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येतो."

"रात्री?"

"आताशा रात्रीबी बोटं आग करतात. पाय बाजेखाली सोडला की जरा बरं वाटतं."

"विडी किती ओढता?"

आजोबा गप्प.

बाईंनी अजून पायाला हात लावलेला नाही, पण अर्धा रोग त्यांना कळला. चालले की दुखायचे, थांबले की राहायचे, आणि दर वेळी साधारण तेवढ्याच अंतरावर. हे रोहिणी अरुंद झाल्याचे लक्षण आहे. पाटात गाळ साचला, की वाफ्याला पाणी कमी पडते. बसून असताना तेवढ्यावर भागते. चालताना पोटरीला जास्त रक्त लागते, ते मिळत नाही, म्हणून ती ओरडते. रात्री पाय खाली सोडला की बरे वाटते, कारण उतारावरून रक्त थोडे जास्त येते. अशा माणसाचा पाय उशीवर उंच ठेवणे म्हणजे होते ते पाणीही तोडणे. त्याला घट्ट पट्टीही बांधायची नाही.

ह्या आजाराची जखम बोटांच्या टोकांना किंवा टाचेला होते. ती कोरडी असते, काळी पडते आणि फार दुखते.

डॉक्टर मग एक साधी तपासणी करतात. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून दाब पाहतात, तसाच तो घोट्याला बांधून पाहतात. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागतात. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास येते. ते ०.९ किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या वाटेवर अडथळा आहे असे धरतात.

गाळ साचतो कशाने? तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब, रक्तातली चरबी आणि उतारवय, ही कारणे. त्यांत तंबाखू मोठा वैरी. एक रोग असा आहे, की तो तिशी-चाळिशीतल्या विडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसांच्या हातापायांच्या रोहिण्या बंद पाडतो. बर्जर नावाच्या डॉक्टराने १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. बोटे एकामागून एक काळी पडतात. ह्या रोगावर खात्रीचा उपाय एकच, तंबाखू पूर्ण सोडणे. कमी करणे नव्हे, सोडणे. ज्याने सोडली, त्याचा पाय बहुधा वाचतो. ज्याने सोडली नाही, त्याचे एक बोट कापले, तरी पुढचे दुखू लागते.

मधुमेह्याचे दुखणे आणखी निराळे. त्याच्या रोहिण्या अरुंद होतातच, शिवाय पायाची जाणीवही मरते. खिळा टोचला, तरी कळत नाही. देवळाच्या तापलेल्या फरशीवर तळवा भाजला, तरी कळत नाही. दुखत नाही म्हणून तो निर्धास्त राहतो, आणि जखम आत हाडापर्यंत जाते. दुखणे हे आपल्या दारचे कुत्रे आहे. ते भुंकते म्हणून चोर कळतो. मधुमेह्याच्या पायाचे कुत्रे मुके झालेले असते. म्हणून त्याने डोळ्यांनी राखण करायची. रोज रात्री तळवे पाहायचे. वहाण घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा. घरातही अनवाणी चालायचे नाही. गरम पाण्यात पाय घालण्याआधी दुसऱ्या कोणाला हात घालून पाहायला सांगायचे. कुरूप ब्लेडने कापायचे नाही. वारीला जायचे, तर मऊ रबराच्या तळाची वहाण घालून जा. पांडुरंग वहाणेवर रागावत नाही.

पाणी परत जात नाही, तेव्हा

कंडक्टर, न्हावी, वाहतूक पोलीस, भट्टीपुढचे आचारी, आणि आम्ही मास्तर लोक, सगळे उभ्या नोकरीचे धनी. उभे राहून राहून शिरांच्या झडपा सैल होतात. रक्त खाली साचते. शिरा फुगून पिळवटलेल्या दोरासारख्या दिसू लागतात. संध्याकाळी पाय जड होतात. पुष्कळ वर्षे गेली, की घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी तपकिरी होते, खाजते, आणि तिथे ओली जखम होते. ती लवकर भरत नाही.

इथे उपाय बरोबर उलटा. पाय उंच ठेवावा. डॉक्टरांनी मापाचे ताणाचे मोजे दिले, तर सकाळी उठल्याउठल्या घालावेत. अधूनमधून टाचा वर-खाली कराव्यात, चालावे. अशी शीर कधी फुटली आणि रक्ताची धार लागली, तर माणसाला आडवे करा, पाय उंच धरा आणि स्वच्छ फडक्याने जागा दाबून ठेवा. मग दवाखान्यात न्या.

मात्र ताणाचे मोजे घालण्याआधी पायाची नाडी पाहिलेली असली पाहिजे. एकाच माणसाला दोन्ही दुखणी असू शकतात.

शिरेचे एक दुखणे मात्र फार धोक्याचे आहे. मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, प्लॅस्टरमधला पाय, लांबचा बसून केलेला प्रवास किंवा बरेच दिवसांचे अंथरूण, ह्यानंतर एक पोटरी एकाएकी सुजते, गरम लागते, दुखते. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. हा पाय कधीही चोळू नका. चोळल्याने गुठळी सुटते आणि रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते. त्याने जीव जातो. सुरुवातीला सांगितलेली तेलाची वाटी दूर ठेवायची, ती ह्यासाठी. गुठळीवर औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे.

चर बुजतो, तेव्हा

लसवाहिन्या तुंबल्या, की पाय सुजतो. पहिल्याने दाबले तर खळगा पडतो, पुढे तोही पडेनासा होतो. कातडी जाड, खरखरीत होते. ओळखायची एक खूण आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, वरच्या बाजूची कातडी चिमटीत उचलून पाहा. निरोगी पायाची उचलते. तुंबलेल्या पायाची उचलत नाही.

आपल्या देशात ह्याचे मोठे कारण हत्तीरोग. महाराष्ट्रात विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर ह्या भागांना तो चांगला ओळखीचा आहे. दोऱ्यासारखा बारीक जंत लसवाहिन्यांत घर करतो आणि कित्येक वर्षे जगतो. त्याची पिले रात्री रक्तात हिंडतात. म्हणून तपासणीसाठी आरोग्य खात्याची माणसे रात्री रक्त घ्यायला येतात. त्यांना हाकलू नका, ती वेळ रोगाने ठरवलेली आहे. हा रोग डासामार्फत पसरतो, हे पॅट्रिक मॅन्सन नावाच्या डॉक्टराने १८७७ साली चीनमधल्या अमॉय इथे शोधून काढले. आपल्याकडचा हा डास गटारांत, डबक्यांत, शौचकूपांच्या घाण पाण्यात वाढतो.

ह्या रोगाशी लढण्याची राष्ट्रीय योजना आपल्याकडे १९५५ साली सुरू झाली. आता रोगग्रस्त भागांत सगळ्या लोकांना एकाच वेळी गोळ्या देतात. पूर्वी दोन औषधे देत. २०१८ नंतर काही जिल्ह्यांत तीन औषधे देऊ लागले, नागपूर हा त्यांतलाच एक जिल्हा. लोक म्हणतात, "आम्हाला काय झालंय? आम्ही कशाला गोळ्या घ्यायच्या?" पण जंत अंगात शिरल्यावर पाय सुजायला वर्षे लागतात. तोवर माणूस धडधाकट दिसतो, आणि डास त्याच्यापासून दुसऱ्याला रोग नेतो. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नयेत. २ वर्षांखालील मुले, गरोदर बाया आणि फार आजारी माणसे ह्यांना त्या देत नाहीत. गोळीनंतर कोणाला ताप येतो, डोके दुखते. बहुधा ते आतले जंत मरत असल्याचे चिन्ह असते. एक-दोन दिवसांत ते थांबते. न थांबल्यास आरोग्य केंद्रात जावे. शेजारच्या श्रीलंकेने ही लढाई जिंकली. तो देश ह्या रोगातून सुटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली मान्य केले. मग आपल्याला ते का जमू नये?

ज्याचा पाय आधीच जाड झाला आहे, त्यानेही हात टेकू नयेत. पाय रोज साबण आणि साध्या पाण्याने धुवावा. बेचक्यांसह टिपून कोरडा करावा. चिखल्यांवर मलम लावावे. बसताना, निजताना पाय उंच ठेवावा, घोटा हलवत राहावा, वहाण वापरावी. एवढ्यानेही थंडी-ताप येऊन पाय लाल होण्याचे झटके कमी होतात, आणि पाय आणखी वाढत नाही. पुरुषांच्या अंडकोशात पाणी साठले, तर शस्त्रक्रियेने ते बरे होते. लाजेपोटी लपवू नये.

हाताचाही चर बुजतो. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढाव्या लागतात. त्यानंतर त्या बाजूचा हात सुजू शकतो. बांगड्या आवळू लागल्या, ब्लाउजची बाही घट्ट झाली, की ही पहिली खूण. अशा बहिणीने त्या हाताला काटा, चटका, कापणे ह्यांपासून जपावे, घट्ट बांगडी घालू नये, आणि सूज थोडी असतानाच डॉक्टरांना दाखवावे.

तेव्हा वाट पाहू नका

काही वेळा सकाळची वाट पाहणे म्हणजे पाय गमावणे. एक पाय एकाएकी गार, पांढरा पडला, भयंकर दुखू लागला, बधिर झाला, बोटे हलेनात, तर रोहिणी एकदम बंद झाली आहे. पाय वाचवायला हातात सुमारे सहाच तास असतात. शेकू नका, चोळू नका. १०८ क्रमांकाला फोन करा. एक पोटरी सुजलेली असताना धाप लागली किंवा छातीत दुखले, तरीही तसेच करा. मधुमेह्याच्या पायाला फोड आला, जखम झाली, बोट काळे पडले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आपण बैलाचे खूर पाहतो, पत्री ढिली झाली तर त्याच दिवशी नालबंदाकडे नेतो. आपल्या पायांनी त्या बैलाहून काही कमी ओझे वाहिलेले नाही. रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या वडीलधाऱ्यांचे पाय पाहायला पाच मिनिटे पुरतात. नातवंडांना नाडी शोधायला शिकवा. त्यांना ती गंमत वाटेल, आणि आजीचा पाय वाचेल.

लक्षात ठेवा

१. दोन्ही पाय उघडे करून ताडून पाहा.
२. चालताना दुखते आणि थांबल्यावर राहते, तर रोहिणीची शंका घ्या. पाय उंच ठेवू नका, घट्ट बांधू नका.
३. एक पाय एकाएकी सुजला, तर चोळू नका.
४. दोन्ही पाय सुजले, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत आणि रक्त तपासून घ्या.
५. हत्तीरोगाच्या गोळ्या निरोगी माणसानेही घ्यायच्या असतात.
६. तंबाखू सोडा.

प्रश्न

१. पायाची नाडी कोणत्या दोन जागी सापडते? आपल्या पायावर शोधून दाखवा.
२. नाडी अंगठ्याने का पाहू नये?
३. मधुमेह्याने रोज तळवे का पाहावेत?
४. हत्तीरोगाच्या तपासणीसाठी रक्त रात्रीच का घेतात?
५. तुमच्या घराभोवती पाणी कुठे साचते? ते काढून टाकायला काय कराल?